अजिंठ्याला गाईड घेताय? मग या चुका टाळा

संभाजीनगरात राहिलं की पाहुणे येतात आणि पाहुणे आले की अजिंठा ठरलेला असतो. आता लोक स्वतंत्र गाईड घ्यायला लागलेत, हे चांगलं आहे. पण पैसे मोजून जाणकार माणूस सोबत घ्यायचा आणि त्याला बोलूच द्यायचं नाही, हा प्रकार बघून बघून कंटाळा आला, म्हणून हे लिहितोय.

आधी किरकोळ गोष्टी. अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी. हे सगळीकडे लिहिलेलं असूनही दर सोमवारी फर्दापूरच्या टी पॉइंटवर कोणाची तरी गाडी हिरमुसून परत वळते. गाडी तिथेच लावून पुढे बसने जावं लागतं, त्यामुळे वेळ धरताना तेही धरा. सारखे काढता-घालता येतील असे बूट-चपला घाला, कारण चित्रांच्या लेण्यांत अनवाणी जावं लागतं. पायऱ्या आणि चढ बऱ्यापैकी आहे. आजी-आजोबांसाठी डोली मिळते, त्यात लाज वाटून घेऊ नका. आणि पार्किंगमध्ये जो आपणहून "साहेब, गाईड?" म्हणत येतो, त्याचं पर्यटन मंत्रालयाचं ओळखपत्र बघा. ते नसेल तर तुमची सहल रंगीत दगडांच्या दुकानात संपणार, हे नक्की.

"काका, फक्त हायलाइट्स दाखवा"

ही माझी सगळ्यात नावडती चूक. पुण्याहून एक कुटुंब आलं होतं, आमच्या शेजाऱ्यांच्या नात्यातलं. मी सोबत गेलो. कुटुंबप्रमुखांनी कागदावर वेळापत्रकच लिहून आणलं होतं : अजिंठा दहा ते बारा, जेवण, वेरूळ तीन ते पाच. अजिंठा शहरापासून शंभर किलोमीटर एका दिशेला आणि वेरूळ तीस किलोमीटर दुसऱ्या दिशेला, हे त्यांना गाडीत बसल्यावर कळलं. मग वेरूळ रद्द झालं, पण घाई काही रद्द झाली नाही.

गाईड उतारवयाचे, मोजकं बोलणारे. पहिल्या लेण्याच्या व्हरांड्यात उभं राहून त्यांनी वाकाटक राजा हरिषेणापासून सुरुवात केली. दुसऱ्याच वाक्याला प्रमुखांनी घड्याळ दाखवलं. "काका, फक्त हायलाइट्स."

त्यांनी एकदा सगळ्यांकडे पाहिलं आणि खिशातून टॉर्च काढली. पुढचा सगळा वेळ खेळ चालला. एकाच डोक्याची चार हरणं दाखवली. गाभाऱ्यातल्या बुद्धावर डावीकडून, उजवीकडून, समोरून उजेड टाकून चेहऱ्यावरचे बदलणारे भाव दाखवले. दहा नंबरात जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने 1819 साली खांबावर कोरलेलं नाव दाखवलं. तेव्हा लेण्यात राडारोडा साचलेला होता आणि तो त्यावर उभा होता, म्हणून ते नाव आज आपल्या डोक्याच्या वर दिसतं. मंडळी खूश! सतरा नंबरात पाच-सात मिनिटं फिरून सगळे मागे वळले. पुढे काय आहे, हे ना त्यांनी विचारलं, ना गाईडने सांगितलं.

सिल्लोडच्या आसपास गाडीत मुलीने फोनवर एक फोटो शोधून काढला. "बाबा, हा झोपलेला बुद्ध आपण पाहिला का?" सव्वीस नंबरचं महापरिनिर्वाण, म्हणजे बुद्धाच्या अखेरच्या क्षणाचं शिल्प : साधारण सात मीटर लांबीचा अखंड दगडातला बुद्ध, खाली रडणारे शिष्य आणि वर जमलेले देव. त्याच भिंतीवर शेजारी बुद्धाला ध्यानातून ढळवायला आलेल्या माराच्या सैन्याची अख्खी गर्दी. बाबा म्हणाले, "गाईडने दाखवलंच नाही! फुकट पैसे घेतले."

आता बोला.

माझी सवय अशी आहे की गाईडला पहिल्याच वाक्यात सांगायचं, "वेळ भरपूर आहे, लेणी कमी दाखवली तरी चालेल." हे ऐकल्यावर चांगल्या गाईडची बोलण्याची तऱ्हाच बदलते. टॉर्चचे खेळ तो ज्यांना घाई असते त्यांच्यासाठी राखून ठेवतो.

एकापासून सुरू करून नंबराने जाणं

लेण्यांचे नंबर दारापासून ओळीने दिलेत, काळाने नाहीत. सगळ्यात जुनी लेणी मध्ये आहेत. नऊ आणि दहा हे चैत्य (स्तूप असलेली प्रार्थनेची लेणी) आणि बारा, तेरा ही विहारं (भिक्षूंच्या राहण्याची लेणी) सातवाहन काळातली, इसवीसनापूर्वीची. एक, दोन, सोळा, सतरा, एकोणीस, सव्वीस ही पाचव्या शतकातली. एकापासून सुरुवात केली की तुम्ही गोष्टीचा शेवट आधी ऐकता, आणि शिवाय सगळ्यात मोठ्या रांगेत उभे राहता, कारण सगळं जग तिथेच सुरू करतं.

मी पाहुण्यांना थेट दहा नंबरात नेतो आणि गाईडला षड्दंत जातक, म्हणजे बुद्धाच्या एका पूर्वजन्माची गोष्ट, सांगायला सांगतो. सहा सुळ्यांचा हत्ती, त्याच्या दोन राण्या. त्यातली एक मत्सराने झुरून मरते, पुढच्या जन्मी काशीची राणी होते आणि शिकाऱ्याला त्याचे सुळे आणायला पाठवते. हत्ती शिकाऱ्याला मारत नाही, उलट सुळे कापायला स्वतःच मदत करतो. सुळे समोर आल्यावर राणीच कोसळते. दहा नंबरातल्या भिंतीवर ही कथा आहे, ओरखड्यांनी भरलेली, पण ती कोसळणारी राणी शोधली की सापडते. ओरखडे मात्र आपल्याच लोकांची कृपा. स्मिथसाहेब एकटा नव्हता.

मग सतरा नंबरात जायचं. तीच कथा तिथेही रंगवलीय, पाचशेच्या वर वर्षांनी. आधीच्यांनी हत्ती कसे काढले आणि नंतरच्यांनी कसे, हे गाईडने बोटाने दाखवलं की शाळकरी मुलंसुद्धा वाद घालायला लागतात. त्यापुढे एकोणीस, मग सव्वीस. जाता जाता चोवीस नंबरात डोकवा. ते अर्धवट राहिलंय, त्यामुळे दगड वरून खाली कसा फोडत आणत, हे तिथे उघडं दिसतं. एक आणि दोन परतताना बघायची, यायचं तर तिकडूनच असतं.

उन्हातून आत आणि लगेच मोबाईल

बाहेर मराठवाड्याचं ऊन, आत अंधार. डोळे सरावायला वेळ लागतो, तेवढा धीर कोणाला नसतो. "काही दिसतच नाही" म्हणत दहा मोबाईलच्या बॅटऱ्या पेटतात. फ्लॅशला बंदी आहे, तरी एखादा चमकतोच. ही चित्रं मातीच्या गिलाव्यावर आहेत. त्या मातीत तूस आणि झाडपाल्याचे तंतू, वर चुन्याचा पातळ हात आणि तो वाळल्यावर रंग. आधीच नाजूक काम, त्यात विसाव्या शतकात जपायला म्हणून जे लाखेचे थर दिले त्यांनी रंग आणखी काळवंडले. पुढचं नुकसान आपण करायची गरज नाही.

गर्दीच्या दिवशी चित्रांच्या लेण्यांत ठरावीक माणसं ठरावीक वेळच सोडतात. म्हणून गोष्ट आत ऐकायचीच नाही. बाहेर सावलीत बसवून गाईडकडून आधी सगळं ऐकून घ्या. विश्वंतर राजपुत्राने काय काय देऊन टाकलं, मुलं मागायला आलेला जूजक ब्राह्मण कसा होता, तो भिंतीवर कुठे आहे. मग आत जाऊन गप्प बघा. एक नंबरातल्या पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर तर कोणीच काही बोलू नये, असं माझं मत आहे. झुकलेल्या पापण्या, हातातलं निळं कमळ, एवढं पुरे.

गाईड म्हणेल ते सगळं खरं मानणं

"हे सगळे रंग पानाफुलांच्या रसाचे" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता ओठ आवळून उभा राहतो. रंग खनिजांचे आहेत : गेरू, पिवळी माती, चुना, हिरवी माती, काळ्यासाठी तेवढी काजळी. निळ्यासाठीचा लाजवर्द दगड तर अफगाणिस्तानाकडून आलेला. पण चारचौघांत गाईडशी हुज्जत घालू नका. मी एवढंच विचारतो, "हे लिहिलेलं कुठे आहे, दाखवता का?" सोळा नंबरात हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा शिलालेख आहे, सव्वीसमध्ये भिक्षू बुद्धभद्राचा. जो गाईड तिथे नेऊन उभा करतो, त्याचं बाकीचंही मी ऐकून घेतो.

चैत्यात आवाज घुमवून बघणं

"सर, ओरडून बघा, कसं घुमतं!" असं गाईडला म्हणायला लावणारे आपणच. एकदा सव्वीस नंबरात पांढऱ्या साड्यांतल्या काही उपासिका स्तूपासमोर हात जोडून वंदना म्हणत होत्या आणि मागून एका तरुणाने "हॅलोऽऽ" ठोकलं. बायका थांबल्या. त्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजी वळून एवढंच म्हणाल्या, "बाळा, होऊ दे आमचं." पोरगा बाहेर गेला, गाईड मात्र खांबाआड उभा होता. अनेकांसाठी ही आजही वंदनेची जागा आहे. श्रीलंकेचे, जपानचे, आपल्या गावोगावचे बौद्ध इथे येतात ते फोटोसाठी नाही. स्तूपाला फेरी घालायची तर उजवीकडे ठेवून, आणि वंदना चालू असेल तर आधी दुसरं लेणं बघून यायचं.

पावसाळ्यात लेण्यांखालची वाघूर नदी भरलेली असते, धबधबा सुरेख दिसतो आणि दगड निसरडे होतात. रील काढायला कड्याशी जाणाऱ्यांना गाईड हाक मारतो तेव्हा ऐका.

पैशाचं बोलणं मात्र चढायच्या आधी उरकून घ्या. किती वेळ, कोणती भाषा, सव्वीसपर्यंत येणार की नाही, हे सगळ्यांसमोर ठरवायचं. काही जण सतरावरून "पुढे विशेष काही नाही" म्हणतात, त्यांना सव्वीस आधीच कबूल करवून घ्यायचं.