बाजारपेठेत फुटपाथ करताना या चुका टाळा

जुन्या पेठेतला रस्ता सुधारायचं ठरलं की पहिल्याच बैठकीत पेव्हर ब्लॉकचा रंग निघतो. मग बाकांची चित्रं, दिव्यांचे खांब, कमान. हे सगळं शेवटी ठरवायचं असतं. फुटपाथ बिघडतो तो लेव्हलमध्ये, म्हणजे कुठला भाग किती उंच यात, आणि बैठकीत लेव्हल कोणी मागतच नाही. मार्चअखेरीच्या आत बिल काढायचं म्हणून जानेवारीत वर्क ऑर्डर निघते, आठवड्याभरात खोदाई सुरू होते आणि जूनमध्ये दुकानांत पाणी शिरतं.

उंबरे न मोजता कर्ब बसवणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. पेठेतल्या रस्त्यांवर वर्षानुवर्षं जुना थर न खरवडता नवं डांबर चढवलेलं असतं. एक थर ४० मिमीचा धरला तरी तीन खेपांत रस्ता १२० मिमी वर येतो. दुकानाचा उंबरा मात्र आजोबांच्या काळात होता तिथेच असतो.

आकडे घालून बघा. उंबरा आज रस्त्याच्या कडेपेक्षा १२० मिमी उंच आहे. ठेकेदाराने सवयीप्रमाणे १५० मिमीचा कर्ब, म्हणजे फुटपाथच्या कडेचा दगड, बसवला. फुटपाथ ३ मीटर रुंद, उतार २ टक्के, म्हणजे भिंतीपाशी आणखी ६० मिमी. झाले २१०. फुटपाथ उंबऱ्याच्या ९० मिमी वर गेला. दुकानदार आरडाओरडा करतात, मग जागेवरच कोणीतरी उतार उलटा फिरवतं आणि पाणी दुकानाकडे वळतं. पहिल्या मोठ्या पावसात खालच्या फळीवरचे तागे भिजतात. दुकानदार दारात सिमेंटचा बांध घालतो, शेजारचा त्याहून उंच घालतो, श्रावण येईपर्यंत कोणीतरी आपल्या दारापुरता फुटपाथ फोडलेला असतो. बोल मात्र लागतो पायी चालणाऱ्यांना जागा देण्याच्या कल्पनेलाच. मग त्या पेठेत बरीच वर्षं फुटपाथचं नाव काढायची सोय राहत नाही. पैसे गेल्यापेक्षा हे नुकसान मोठं.

हिशेब उंबऱ्याकडून रस्त्याकडे करा. दर ५ मीटरवर ऑटो लेव्हलने (उंची मोजायच्या दुर्बिणीने) भिंत, कर्बची जागा आणि रस्त्याचा मध्य अशी तीन रीडिंग घ्या. शिवाय प्रत्येक उंबऱ्याचं वेगळं, एकही न गाळता. २०० मीटरच्या रस्त्याला दोन सकाळी पुरतात. दुकानं उघडायच्या आत जा. त्या टप्प्यातला सगळ्यात खालचा उंबरा धरा. भिंतीपाशी फुटपाथ त्याच्या ३० मिमी खाली, कर्बपाशी आणखी ६० खाली, रस्त्याची कड त्याच्याही १०० खाली. एकूण १९०. आज आहेत १२०. म्हणजे कडेला ७० मिमी डांबर खरवडलंच पाहिजे. हे खरवडणं, म्हणजे मिलिंग, एस्टिमेटमध्ये स्वतंत्र बाब म्हणून लिहा. लिहिलेलं नसेल तर साइटवर ते होणार नाही. चेंबरच्या चौकटी आणि पावसाळी गटाराची तोंडंही तेवढीच खाली घ्यावी लागतात, त्यांचीही नोंद करा.

कर्ब १०० मिमीचा धरला आहे तो मुद्दाम. १५० मिमी ही वरची मर्यादा आहे, पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला तेवढी पायरीही दिवसातून दहा वेळा नको असते.

प्रत्येक गेटपाशी फुटपाथ खाली उतरवणं

वाड्याचं, सोसायटीचं, बँकेचं गेट आलं की आख्खा फुटपाथ रस्त्याच्या लेव्हलला आणतात आणि पुढे परत चढवतात. १०० मीटरमध्ये सहा गेटं असली की बारा चढउतार. भाजीच्या दोन पिशव्या घेतलेली आजी तिसऱ्या उतारानंतर रस्त्यावरून चालू लागते, आणि मग लोक म्हणतात, ‘फुटपाथ असून वापरत नाहीत.’

फुटपाथ गेटपाशीही सलग, एकाच लेव्हलला ठेवा. गाडीसाठी रॅम्प फक्त कर्बलगतच्या ६०० मिमीच्या पट्ट्यात. १०० मिमीची चढण ६०० मिमीत म्हणजे १:६. गाडी हळू चढते, आणि ती तिथे हळूच चढायला हवी. हाच पट्टा पुढे खांब, फीडर पिलर (विजेची पेटी) आणि कचराकुंडी यांना वापरा. गेटच्या रुंदीत ब्लॉक ८० मिमीचे आणि खाली काँक्रीट. एरवी ६० मिमीचे पुरतात. व्हीलचेअरचा रॅम्प ही वेगळी गोष्ट: तिथे १:१२, म्हणजे १०० मिमीच्या कर्बला १.२ मीटर लांबी, आणि रुंदीही निदान तेवढीच. हे दोन रॅम्प एकच समजणं ही नवख्यांची हमखास चूक आहे.

रुंदी नकाशावर मोजणं

इंडियन रोड्स काँग्रेसच्या सूचनांप्रमाणे चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी आणि २.२ मीटर मोकळी उंची लागते. बाजारात रुंदी २.५ धरा. ही मोकळी जागा आहे, कर्ब ते भिंत नव्हे. विजेची डीपी, झाड, दुकानाची पायरी, टांगलेल्या बादल्या वगळून सगळ्यात चिंचोळ्या ठिकाणी टेप लावा. जो आकडा येईल तीच त्या फुटपाथची रुंदी.

खालचं काम नंतर करणं

क्रम ठरलेला आहे: आधी ड्रेनेज, मग पावसाळी गटार, पाणी, केबल, आणि सगळ्यात शेवटी ब्लॉक. जुन्या भागातल्या लाइनींच्या नकाशावर विसंबू नका, दर ३०-४० मीटरवर हाताने चाचणी खड्डा घ्या. प्रत्येक चौकात १५० मिमीचे दोन रिकामे पाइप आडवे टाकून ठेवा. पुढच्या केबलवाल्याला खोदायचं कारणच उरत नाही.

ब्लॉकखालच्या वाळूने लेव्हल जुळवणं

वाळूचा थर सगळीकडे सारखा, ३० मिमीच्या आसपास हवा. खड्डा दिसला की तिथे ८० मिमी वाळू ओतणं म्हणजे पावसाळ्यात तिथे डबकं करून ठेवणं. लेव्हल खालच्या बेसमध्येच दुरुस्त करा. सांध्यांत कोरडी बारीक वाळू भरा, प्लेट कॉम्पॅक्टर (ब्लॉक दाबून बसवायचं यंत्र) फिरवा, परत भरा. दुसऱ्यांदा भरायचा कंटाळा केला की ब्लॉक वर्षात हलायला लागतात.

झाडाच्या खोडाला सिमेंट भिडवू नका. चारही बाजूंनी १ मीटर माती मोकळी ठेवा.

दृष्टिहीनांसाठीच्या टॅक्टाइल (पायाला उंचवटे जाणवणाऱ्या) टाइल्सची रेघ खांबावर नेऊन संपवू नका. दोन्ही बाजूंना ६०० मिमी मोकळं नसेल तर रेघेची जागा बदला.

दुचाकी अडवायला बोलार्ड, म्हणजे बुटके खांब, जवळजवळ लावू नका. व्हीलचेअरला ९०० मिमी लागतात, आणि तेवढ्यातून स्कूटर आरामात जाते. दुचाकी फुटपाथवर चढतात कारण त्यांच्या पार्किंगची सोय काढून टाकलेली असते. ती आधी शेजारच्या गल्लीत आखून द्या.

पथारीवाल्यांना ‘नंतर बघू’ म्हणणं

२०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार सर्वेक्षण आणि नगर पथविक्रेता समिती बंधनकारक आहे, आणि समितीत निदान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असावे लागतात. कायदा बाजूला ठेवला तरी पेठ जिवंत असते ती गजरेवालीमुळे आणि लिंबू-मिरचीवाल्यामुळे. त्यांना उठवून केलेला फुटपाथ रात्री आठच्या आत सुनसान होतो. नकाशावर १.२ बाय १.५ मीटरच्या जागा आखा, चालायच्या पट्ट्याबाहेर, आणि त्या कुठे हव्यात ते त्यांनाच विचारा.

एका दिवसाच्या उत्साहावर निर्णय घेणं

पुण्यात ११ डिसेंबरला पादचारी दिनी लक्ष्मी रस्ता वाहनांना बंद ठेवतात. लोकांच्या मनात चित्र उभं राहायला तो दिवस फार मोलाचा आहे. पण डिझाइन ठरवायला वाहतुकीचे प्लास्टिकचे कोन आणि रंगीत पट्टे लावून किमान तीन आठवडे चाचणी घ्या, त्यात पगाराचा आठवडा येऊ द्या. मालाचा टेम्पो किती वाजता येतो आणि किती मिनिटं थांबतो, हे रोज लिहा.

गणपतीचा मांडव विसरणं

मांडव दरवर्षी त्याच जागी उभा राहतो. तरी नवा फुटपाथ होतो आणि भाद्रपदात वाशांसाठी फोडला जातो. मंडळाच्या कार्यकर्त्यांना साइटवर बोलवा, खांबांच्या जागा खडूने मारून घ्या आणि तिथे १०० मिमी व्यासाचे पाइप झाकणासह काँक्रीटमध्ये उभे बसवून टाका. एका झाकणाचा खर्च पुढच्या डागडुजीपुढे काहीच नाही.

शेवटचं बिल मंजूर करायच्या आधी रस्त्याच्या वरच्या टोकाला पाण्याचा एक टँकर रिकामा करा आणि पाण्यामागे चालत जा. जिथे ते पाच मिनिटांहून जास्त थांबेल तिथे खडूने गोल करा. तेवढे ब्लॉक ठेकेदार असेपर्यंतच उचलून परत बसवून घ्या.