डोक्याला मार लागलाय? सीटी स्कॅन कोर्टात कसा कामाला येतो

नवऱ्याने डोकं भिंतीवर आपटलं आणि त्यानंतर उलटी, चक्कर, गुंगी असं काहीही असेल तर आधी हॉस्पिटलची कॅज्युअल्टी गाठा, पोलिसांत तक्रार केली नाही म्हणून उपचार अडत नाहीत. तिथे डॉक्टर विचारतात काय झालं, आणि सासू शेजारीच उभी असते म्हणून बाई म्हणते "बाथरूममध्ये घसरले", झालं, अर्धी केस तिथेच गेली. घरच्यांना बाहेर पाठवायला सांगा आणि कोणी, कशाने, किती वेळा मारलं, शुद्ध गेली का, गळा दाबला का, सगळं सांगा, आणि ते केसपेपरवर लिहून घ्या, एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवली जाणारी वैद्यकीय-कायदेशीर नोंद, करायला लावा. कारण स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसतो, मारणारा दिसत नाही. आधी घसरले म्हणून सांगून झालं असेल तरी नंतर खरं सांगून नोंद करून घेता येते, फक्त उशीर करू नका.

गळा दाबला असेल तर ते वेगळं सांगाच, मानेच्या रक्तवाहिन्या बघायला सीटी अँजिओ लागू शकते, बाहेरून वळ नसला तरी.

आता सीटी नॉर्मल आला तर समोरचा वकील तेच धरून बसणार. पण मुका मार असला की सीटी बरेचदा नॉर्मलच येतो, एमआरआयमध्ये कधी बारीक रक्तस्राव सापडतात, कधी तेही नाही. म्हणून डोकेदुखी, विसरभोळेपणा, झोप उडणं हे तारखेसकट वहीत लिहा आणि प्रत्येक फॉलोअपला डॉक्टरला सांगून पेपरवर आणा. उलट कवटीचं किंवा नाकाचं हाड मोडलेलं दिसलं तर ती कायद्याने गंभीर दुखापत, भारतीय न्याय संहितेचं कलम ११६, आणि मुद्दाम केली असेल तर शिक्षा ७ वर्षांपर्यंत.

स्कॅनच्या फिल्मवर भागवू नका, सीडी मागा, रिपोर्टवर नाव आणि तारीख तिथेच तपासा. सीडी कोर्टात द्यायची तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या (पुराव्याच्या नव्या कायद्याच्या) कलम ६३ चं सर्टिफिकेट लागतं, ते वकिलाला आधीच सांगून ठेवा.

आणि हो, "नवऱ्याचं ब्रेन मॅपिंग करा" (मेंदूच्या लहरींवरून खरं-खोटं बघायची चाचणी) असं कोणी सुचवलं तर ते प्रकरणच वेगळं, सुप्रीम कोर्टाच्या २०१० च्या सेल्वी निकालापासून ते जबरदस्तीने करता येत नाही.

बिलं फेकू नका, औषधोपचाराचा खर्च घरगुती हिंसाचार कायद्याच्या कलम २० खाली मागता येतो. अर्ज भरायला याच कायद्याखाली नेमलेले संरक्षण अधिकारी मदत करतात, तातडीला १८१ ही महिला हेल्पलाइन, आणि मुंबईत असाल तर वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलातलं दिलासा हे हिंसाचार सोसणाऱ्या बायकांसाठीचं मदत केंद्र.