मार्चमधील केदारकंठा: सकाळचा बर्फ आणि दुपारचा बर्फ
उत्तराखंडच्या उत्तरकाशी जिल्ह्यातील सांकरी गावातून सुमारे ३,८०० मीटर उंचीच्या केदारकंठा शिखरावर मार्च महिन्यात जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे, की दिवसा उन्हाने वितळलेला बर्फ रात्री पुन्हा गोठतो, त्यामुळे एकच वाट पहाटे काचेसारखी निसरडी असते आणि दुपारी तिच्यात गुडघ्यापर्यंत पाय रुततो. म्हणून शिखराची चढाई अंधारातच सुरू करावी, बुटांना मायक्रोस्पाइक्स (बर्फात पकड देणारे, बुटांवर चढवायचे धातूचे काटे) चढवावेत आणि ऊन तापण्यापूर्वी तीव्र उतार मागे टाकावा. सह्याद्रीत सराव झालेल्या आपल्या ट्रेकर्सना उतरताना खडकाचा आधार घेण्याची सवय असते; येथे मात्र बर्फातून डोकावणाऱ्या खडकापासून चार हात दूर राहणेच बरे, कारण उन्हाने तापलेल्या खडकाभोवतीचा बर्फ आतून वितळून पोकळ झालेला असू शकतो आणि वरून ते कळत नाही. मऊ बर्फात टाच आधी रोवून, गुडघे किंचित वाकवून उतरावे. पाय खोल रुतलाच, तर तो हिसका देऊन ओढू नये, त्यात गुडघा मुरगळण्याची भीती असते. भोवतालचा बर्फ काठीने मोकळा करून मगच पाय सोडवावा. गेटर्स (बुटात बर्फ शिरू नये म्हणून पोटरीभोवती बांधायची आवरणे) आणि मोज्यांचा एक कोरडा जोड पाठपिशवीत असावाच.