लिंकच्या गर्दीत बातमी नीट कशी वाचावी

मोबाइलवर बातमी उघडली की दोन परिच्छेद होत नाहीत तोच मध्ये 'हेही वाचा' येतं. खाली ठळक अक्षरांत दुसरीच बातमी, बऱ्याचदा भलत्याच विषयावरची. तिच्यावर बोट पडलं की मूळ बातमी राहिलीच. तरी लिंकवर सरसकट राग नको. चांगली लिंक थेट पुराव्यापाशी नेते आणि तशी लिंक देणारा बातमीदार मला जास्त विश्वासाचा वाटतो.

आधी बातमी शेवटपर्यंत वाचा. रंगीत शब्द दिसला की उघडू की नको, हा विचार येतोच आणि तेवढ्यात वाक्याचा धागा सुटतो. कामाची लिंक दिसलीच तर तिच्यावर बोट दाबून धरा, नव्या टॅबमध्ये उघडायचा पर्याय निवडा आणि पुढे वाचत राहा. संगणकावर कंट्रोल (मॅकवर कमांड) दाबून क्लिक केलं की तेच होतं. सफारी किंवा फायरफॉक्समध्ये रीडर मोड लावला तर जाहिराती आणि मधल्या चौकटी बहुतेक गळतात. मजकुरातल्या लिंक मात्र राहतात.

आता त्या टॅबकडे वळा. मंत्र्याच्या किंवा शहराच्या नावावरची लिंक बहुधा त्याच संकेतस्थळावरच्या जुन्या बातम्यांच्या यादीकडे जाते. पत्त्यात 'टॅग' किंवा 'टॉपिक' दिसलं तर खुशाल बंद करा.

लिंकची खरी गरज असते ती 'सरकारने जीआर (म्हणजे शासन निर्णय) काढला' अशा बातमीत. तिथे मूळ जीआरची लिंक हवी, आणि नेमकी तीच अनेकदा नसते. मग राज्य सरकारच्या संकेतस्थळावर शासन निर्णयांच्या पानावर जा, विभाग आणि तारीख टाकून शोधा. जीआरच्या शेवटी त्याचा सांकेतांक छापलेला असतो. व्हॉट्सअ‍ॅपवर जीआरची प्रत आली असेल तर तो आकडा त्या पानावर टाका. खरा असेल तर तोच जीआर समोर येतो.

जीआरची प्रस्तावना वाचून थांबू नका. अटी, पात्रता, मुदत 'शासन निर्णय' या मथळ्याखाली आणि परिशिष्टात असतात. बातमीत 'सर्व शेतकऱ्यांना' असेल, तर जीआरमधला 'पात्र' हा शब्द शोधा. सुरुवातीच्या 'वाचा' किंवा 'संदर्भ' या यादीत आधीचे आदेश तारखांसह दिलेले असतात. नवा जीआर जुन्यात नुसती दुरुस्ती करत असेल, तर तो जुनाही काढून शेजारी ठेवून वाचा.