जुन्या कृष्णधवल कार्टूनची शीर्षकपाटी: अस्सल, अस्सलबरहुकूम की नंतरची?

सातबाऱ्याची नक्कल पूर्वी तलाठ्याकडून घेतली की तिच्या तळाशी ‘अस्सल बरहुकूम खरी नक्कल’, म्हणजे मुळाप्रमाणे हुबेहूब उतरवलेली प्रत, असा शेरा, सही आणि शिक्का असायचा. खानदेशात ज्याच्या घरी एकरभर तरी कपाशी आहे, त्याला अस्सल, अस्सलबरहुकूम आणि बनावट या तिन्हींतला फरक समजावून सांगावा लागत नाही. जुन्या कृष्णधवल कार्टूनच्या डीव्हीडी आणि ब्लू-रे संचांवर मात्र असा शेरा क्वचितच सापडतो. चित्राचा जीर्णोद्धार झाल्याचे वेष्टनावर ठळकपणे छापलेले असते, पण आरंभी दिसणारी शीर्षकाची पाटी, म्हणजे टायटल कार्ड, मूळ फिल्मवरची आहे की अलीकडे संगणकावर तयार केलेली आहे, हे सांगितलेले नसते. ते आपले आपणच कसे ठरवावे, याची रीत येथे मांडत आहे.

या विषयाकडे मी वळलो तो एका व्हीसीडीमुळे. वीसेक वर्षांपूर्वी जळगावच्या बाजारात ‘टॉम अँड जेरी’ म्हणून घेतलेल्या त्या व्हीसीडीच्या वेष्टनावर ओळखीचे मांजर आणि उंदीर होते. चकती लावल्यावर मात्र एक उंच आणि एक ठेंगणा असे दोन पुरुष पडद्यावर आले आणि पाटीवर नाव होते ‘डिक अँड लॅरी’. घरातली मुले हिरमुसली आणि दुकानदाराने चकती परत घेतली नाही. पुढे उलगडा झाला तो असा: न्यूयॉर्कच्या व्हॅन ब्यूरेन स्टुडिओने १९३१ ते १९३३ या काळात दोन माणसांची ‘टॉम अँड जेरी’ ही मालिका काढली होती आणि आरकेओ तिची वितरक होती. एमजीएम स्टुडिओचे मांजर-उंदीर १९४० पासूनचे. ते नाव त्या जोडीचेच होऊन बसल्यावर ऑफिशियल फिल्म्स या कंपनीने व्हॅन ब्यूरेनची कार्टून घरगुती प्रोजेक्टरसाठी विकताना पात्रांची नावे डिक आणि लॅरी अशी बदलली आणि स्वतःच्या पाट्या जोडल्या. म्हणजे माझ्या व्हीसीडीच्या वेष्टनावरचे नाव मूळचे, त्यावरचे चित्र चुकीचे आणि पडद्यावरची पाटी नंतरची होती.

पाट्या बदलण्याची मोठी लाट आली ती १९५५-५६ च्या सुमारास, जेव्हा अमेरिकेतल्या स्टुडिओंनी जुनी कार्टून टेलिव्हिजनसाठी विकून टाकली. पॅरामाउंटने फ्लायशर स्टुडिओची बेटी बूप आणि इतर लघुपट यू. एम. अँड एम. या कंपनीला दिले, तिच्याकडून ते एनटीए या दुसऱ्या कंपनीकडे गेले. पॉपाय मात्र असोसिएटेड आर्टिस्ट्स प्रॉडक्शन्स, म्हणजे एएपी, या कंपनीकडे गेला. वॉर्नर ब्रदर्सची कृष्णधवल ‘लूनी ट्यून्स’ गिल्ड फिल्म्सकडे गेली. विकणाऱ्या स्टुडिओचे बोधचिन्ह टेलिव्हिजनवर दिसू नये म्हणून नव्या मालकांनी आरंभीच्या आणि शेवटच्या पाट्या कापल्या, कोठे नुसता उल्लेख काळा केला आणि कोठे आपले बोधचिन्ह चिकटवले. शिवाय फिल्मच्या रिळाचे तोंड आणि शेपूट यांनाच सर्वांत जास्त हाताळणी सोसावी लागते, त्यामुळे ज्या पाट्या कोणी कापल्या नाहीत, त्याही पुष्कळदा झिजून किंवा तुटून गेल्या. म्हणून आज ‘मूळ पाटी’ दिसते तेव्हा ती कोठून आली हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारावाच लागतो.

पहिली परीक्षा नावांची आहे आणि तिला कोणतेही यंत्र लागत नाही. हस्तलिखितांचे अभ्यासक पोथी हाती आली की आधी पुष्पिका, म्हणजे पोथीच्या शेवटचा नोंदवजा मजकूर, पाहतात, कारण लेखकाचे नाव, गाव आणि शक तेथे असतो. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळासारख्या ठिकाणी जुनी कागदपत्रे पाहिलेल्या वाचकाला ही सवय असेल. पाटी ही कार्टूनची पुष्पिकाच असून फक्त ती आरंभी येते. तीवरची प्रत्येक संस्था त्या वर्षी खरोखर त्या नात्याने काम करत होती का, हे ताडून पाहावे. डिस्नेचे उदाहरण फार उपयोगी आहे: १९३० पर्यंत पॅट पॉवर्सची सेलिब्रिटी प्रॉडक्शन्स, १९३० ते १९३२ कोलंबिया, १९३२ ते १९३७ युनायटेड आर्टिस्ट्स आणि त्यानंतर आरकेओ, असा वितरकांचा क्रम होता. मिकी माउस १९३५ मध्येच रंगीत झाला. त्यामुळे मिकीच्या त्या काळातल्या कृष्णधवल कार्टूनवर आरकेओचे नाव दिसले, तर ती पाटी पुनःप्रदर्शनाच्या वेळची किंवा त्याहून अलीकडची आहे, यात संशय उरत नाही. वॉर्नरच्या बाबतीत निर्माता म्हणून लिऑन श्लेसिंगर याचे नाव शोधावे. त्याने स्टुडिओ वॉर्नरला विकला १९४४ मध्ये, आणि कृष्णधवल ‘लूनी ट्यून्स’ १९४३ मध्येच थांबली होती; तेव्हा त्या मालिकेतल्या एखाद्या कृष्णधवल कार्टूनच्या पाटीवर श्लेसिंगरचे नाव गाळलेले असेल, तर ती नंतर केलेली समजावी.

शिक्क्यांकडेही असेच पाहावे. निळ्या गरुडाचे एनआरए हे चिन्ह अमेरिकी सरकारच्या ज्या योजनेचे होते, ती जून १९३३ मध्ये सुरू झाली आणि मे १९३५ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने रद्दबातल ठरवली. या दोन वर्षांच्या बाहेरच्या कार्टूनवर तो गरुड शोभत नाही. चित्रपट-निर्मात्यांच्या संघटनेचे नाव १९४५ पर्यंत एमपीपीडीए होते आणि मग एमपीएए झाले, म्हणून १९३८ च्या पाटीवर एमपीएए दिसणे म्हणजे गेल्या शतकातल्या खरेदीखतावर परवाच्या टंकलेखन केंद्राचा शिक्का दिसण्यासारखे आहे. कॉपीराइटचे वर्ष बहुधा रोमन आकड्यांत असते. एम हजाराचा, सीएम नऊशेचा, एक्सएल चाळीसचा, एक्स दहाचा, व्ही पाचाचा आणि आय एकाचा, एवढे लक्षात ठेवले की पुरे. नंतर बनवलेल्या पाट्यांत ही बारीक ओळ गाळण्याची किंवा चुकीचे वर्ष घालण्याची चूक बरेचदा होते, कारण बनवणाऱ्याचे लक्ष मोठ्या अक्षरांकडे असते.

दुसरी परीक्षा अक्षरांची. त्या काळी शीर्षक हाताने रंगवत. अनेकदा पारदर्शक सेल्युलॉइडवर अक्षरे काढून ती पार्श्वभूमीच्या चित्रावर ठेवत आणि कॅमेऱ्याने टिपत. म्हणून एकाच शब्दातली दोन ‘ओ’ अक्षरे मोठी करून शेजारी ठेवावीत. हाताने काढलेली असतील, तर एकाचे पोट किंचित फुगलेले, दुसऱ्याची कड जरा ओढलेली, असा फरक दिसतोच. दोन्ही तंतोतंत एकमेकांवर बसली, तर ती संगणकाच्या फाँटमधून आलेली आहेत. सेल्युलॉइड आणि पार्श्वभूमी यांच्यात बारीक फट राहिली की अक्षराच्या एका बाजूला केसाएवढी मऊ सावली पडते. ही सावली मला फार बोलकी वाटते, कारण संगणकावर घातलेली सावली सगळ्या अक्षरांना सारखीच असते, तर खरी सावली सेल्युलॉइड जेथे उचललेले असेल तेथे रुंद आणि जेथे टेकलेले असेल तेथे नाहीशी होते. फाँटचे वयही पाहावे: हेल्व्हेटिका १९५७ ची आहे आणि एरियल १९८२ ची.

तिसरी परीक्षा कणांची, आणि माझ्या मते सर्वांत भरवशाची हीच. फिल्मवरचे चित्र चांदीच्या कणांनी बनलेले असते आणि प्रत्येक फ्रेमवर ते कण वेगळे पसरतात. पाटी चार सेकंद निश्चल दिसली, तरी फिल्मवर त्या ९६ स्वतंत्र फ्रेम असतात. ३५ मिलिमीटर फिल्मची सहा फूट लांबी. चाळीसगावला केकी मूस यांची कृष्णधवल छायाचित्रे ज्यांनी जवळून पाहिली असतील, त्यांना करड्या रंगातले हे दाणे डोळ्यांनीच ओळखता येतील. संगणकावर व्हीएलसी प्लेअरमध्ये कार्टून लावावे, पाटी आली की थांबवावे आणि ई ही कळ दाबत एक-एक फ्रेम पुढे जावे. करड्या भागातले कण प्रत्येक दाबासरशी सळसळले, एखादा धुळीचा ठिपका एका फ्रेमपुरता येऊन गेला, सगळे चित्र अगदी किंचित डावी-उजवीकडे हलले, तर पाटी फिल्मवरून आलेली आहे. सगळे गोठलेले असेल आणि कार्टून सुरू होताच कण एकदम जिवंत होत असतील, तर ती एकच फ्रेम ताणलेली आहे किंवा ती पाटी नव्याने काढलेली आहे. डोळ्यांना शंका राहिली, तर दोन फ्रेमची चित्रे जतन करून गिम्प या मोफत प्रणालीत एकावर एक ठेवावीत आणि वरच्या थराला ‘डिफरन्स’ हा प्रकार द्यावा. दोन्ही एकच असतील, तर पडदा पूर्ण काळा होतो. वेगळ्या असतील, तर राखेसारखी भुरभुर दिसते.

येथे दोन खबरदाऱ्या घ्याव्यात. एनटीएससी या अमेरिकी पद्धतीच्या डीव्हीडीत २४ फ्रेमच्या ३० करण्यासाठी काही फ्रेम दुहेरी वापरलेल्या असतात, म्हणून शेजारच्या फ्रेम न घेता दहा-बारा फ्रेमचे अंतर ठेवून तुलना करावी. आणि व्हीसीडीवर ही परीक्षा करूच नये, कारण चित्र दाबून भरताना कण तेथे आधीच पुसले गेलेले असतात. काही जीर्णोद्धारांतही कण धुऊन काढण्याचा अतिरेक केलेला असतो. अशा वेळी पाटीची तुलना त्याच कार्टूनमधल्या एखाद्या निश्चल प्रसंगाशी करावी. दोन्ही सारखेच गुळगुळीत असतील, तर दोष सफाईचा आहे, पाटीचा नाही. उलट बाजूने, ओरखडे आणि धूळ दिसली म्हणून पाटी जुनी ठरत नाही, कारण तीही संगणकावर घालता येते. घातलेला ओरखडा ठरावीक फ्रेमनंतर त्याच जागी परत येतो, हे मोजून पाहावे.

चौथी परीक्षा कानांची आहे, आणि ती पुष्कळ जण करतच नाहीत. प्रोजेक्टरमध्ये चित्राची खिडकी वर आणि आवाज वाचणारा भाग खाली असतो, म्हणून फिल्मवर एखाद्या फ्रेमचा आवाज त्या फ्रेमच्या शेजारी छापलेला नसून ३५ मिलिमीटर फिल्मवर सुमारे २० फ्रेम आणि १६ मिलिमीटर फिल्मवर २६ फ्रेम पुढे छापलेला असतो. आता कोणी तयार प्रतीचे तोंड कापून तेथे आपली पाटी जोडली, तर चित्र जोडाच्या जागी लगेच बदलते, पण आवाज त्यानंतर बदलतो: ३५ मिलिमीटरवर सेकंदाहून थोड्या कमी वेळाने आणि १६ मिलिमीटरवर सेकंदाहून किंचित जास्त वेळाने. पाटी जाऊन कार्टूनचे पहिले दृश्य आले, तरी संगीत अर्धवट चालू राहून मग खट् असा आवाज येऊन दुसरी चाल सुरू झाली, तर तो जोड आहे असे समजावे. ऑडॅसिटी या आवाज तपासण्याच्या मोफत प्रणालीत आवाजाचा आलेख उघडला की तेथे खरखरीची जाडीही बदललेली दिसते. मूळ पाटीखालचे संगीत पहिल्या दृश्यात अखंड वाहते. नव्या पाटीखाली बहुधा त्याच मालिकेतल्या दुसऱ्या कार्टूनचे संगीत घेतलेले असते, म्हणून संशय आला की त्याच वर्षाची दोन-तीन कार्टून लागोपाठ ऐकावीत.

पाटीची डावी कड कापलेली दिसली, तर मात्र घाईने तिला बनावट म्हणू नये. बोलपटाच्या आरंभी आवाजाची पट्टी फिल्मच्या डाव्या बाजूला घातली गेली आणि चित्राची रुंदी तेवढी कमी झाली. प्रमाण पुन्हा ठरले ते १९३२ मध्ये. तोपर्यंतच्या कित्येक पाट्या डावीकडे दबलेल्या दिसतात, आणि ती त्यांच्या अस्सलपणाचीच खूण ठरू शकते.

सर्वांत फसवी असते ती दुसऱ्या प्रतीतून आणलेली पाटी. पोथ्यांत असे घडते की नकलाकार जुन्या पोथीची पुष्पिकाही जशीच्या तशी उतरवतो, आणि वाचणारा नव्या पोथीला जुन्या शकाची मानून बसतो. कार्टूनच्या बाबतीत चांगल्या निगेटिव्हवरचे चित्र आणि एखाद्या संग्राहकाकडच्या १६ मिलिमीटर प्रतीवरची पाटी एकत्र जोडली जाते. कण हलतात, अक्षरे हाताची असतात, नावे बरोबर असतात. फक्त पाटीचे कण कार्टूनच्या कणांहून जाड असतात आणि काळा रंग राखाडीकडे झुकतो. अशी पाटी मला पूर्ण मान्य आहे, कारण ती त्याच कार्टूनची आहे. मूळ पाटी कोठेच उरली नसेल आणि छायाचित्र किंवा त्याच वर्षाच्या शेजारच्या कार्टूनवरून ती पुन्हा काढली असेल, तर तेही चांगले काम आहे, पण तसे वेष्टनावर लिहिले असेल तरच. न लिहिता ‘मूळ शीर्षकांसह’ असे छापणे मला चुकीचे वाटते, कारण पुढचा अभ्यासक त्या पाटीवरून वर्ष, वितरक आणि कलाकारांची नावे उतरवून घेणार असतो.

आपल्या संग्रहाची नोंद ठेवताना प्रत्येक कार्टूनपुढे पाटीसाठी वेगळा रकाना ठेवावा आणि त्यात अस्सल, दुसऱ्या प्रतीतून जोडलेली, अस्सलबरहुकूम नव्याने काढलेली किंवा नंतरच्या वितरकाची, यांपैकी एक शेरा लिहून कोणत्या परीक्षेवरून तो दिला हेही पुढे लिहावे. शेवटची पाटी स्वतंत्रपणे तपासावी, कारण आरंभीची मूळ आणि अखेरची बदललेली असे पुष्कळ वेळा आढळते. निर्णय होत नसेल, तर रकाना कोरा सोडावा आणि पेन्सिलीने फक्त तारीख घालावी. जळगावच्या त्या व्हीसीडीपुढे माझ्या वहीत आज अशी नोंद आहे: ‘व्हॅन ब्यूरेन, टॉम अँड जेरी. आरंभीची पाटी ऑफिशियल फिल्म्सची, नंतरची, नावावरून. शेवटची पाटी नाही, चित्र आधीच तुटते. आवाजाची परीक्षा चांगली प्रत मिळाल्यावर.’