जर्मनीत रेल्वेचं तिकीट आधी काढताना

लेक म्युनिकला असल्यामुळे तिच्याकडे जाणाऱ्या नातेवाइकांची रेल्वे तिकिटं काढून द्यायचं काम माझ्याकडे आलंय. डोंबिवलीत बसून सगळं होतं. प्रत्येकाला मी आधी बजावते, की आयआरसीटीसीचा हिशोब इथे चालत नाही. तिथे वेटिंग लिस्ट नाही, आरएसी नाही. तिकीट असलं की गाडीत चढता येतं, पण बसायला जागा मिळेलच असं नाही. जागा राखायची तर माणशी साधारण पाच युरो वेगळे मोजायचे. लांबच्या गाडीला हे पैसे वाचवू नका, विशेषतः आई-बाबा सोबत असतील तर. कुटुंबाच्या एकत्र आरक्षणाची सवलत जून २०२५ पासून बंद झाली आहे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोठ्यांबरोबर तिकीट लागत नाही, मात्र बुकिंग करताना त्यांची नोंद हवीच.

मग तिकीट आधी का काढायचं? तर स्वस्त दरासाठी. जर्मन रेल्वेच्या 'डीबी नॅव्हिगेटर' अ‍ॅपवर एकाच गाडीचे तीन दर दिसतात. 'सुपर स्पारप्राइस' सर्वांत स्वस्त, पण रद्द केलं तर पैसे बुडाले. 'स्पारप्राइस' प्रवासाच्या आदल्या दिवसापर्यंत थोडे पैसे कापून रद्द होतं. 'फ्लेक्सप्राइस' महाग, मात्र त्या दिवशी त्या मार्गावरची कुठलीही गाडी पकडता येते. पहिली दोन्ही ठरावीक गाडीला बांधलेली. स्वस्त तिकिटं मोजकीच असतात आणि संपत जातात, म्हणून तारीख पक्की झाली की लगेच काढा.

एका दिवशी मात्र मी स्वस्ताच्या नादी लागू देत नाही: विमानातून उतरायच्या दिवशी. मुंबईहून फ्रँकफर्टला उतरलात, पासपोर्टची रांग लांबली, बॅगा उशिरा आल्या आणि गाडी निघून गेली, तर वेगळं काढलेलं स्वस्त तिकीट वाया जातं. विमानाच्या उशिराशी रेल्वेचा संबंध नाही. त्या दिवसापुरतं फ्लेक्सप्राइस घ्या, नाहीतर मध्ये चांगले तीन तास ठेवा. लांबच्या गाड्या विमानतळावरच्या 'फेर्नबानहोफ'वरून सुटतात. लोकल गाड्यांचं स्टेशन वेगळं आहे.

गाडी बदलायची असेल तर अख्ख्या प्रवासाचं एकच तिकीट काढा. जर्मन गाड्या वेळेवर धावतात हा आपला समज आता सोडा. मुक्कामी पोचायला वीस मिनिटांहून जास्त उशीर होणार असं दिसलं, की गाडीचं बंधन सुटतं आणि तुम्ही दुसऱ्या गाडीने जाऊ शकता. दोन वेगळी तिकिटं असली की हा आधार राहत नाही. पोचायला तासाभराचा उशीर झाला तर भाड्याचा पाव भाग, दोन तासांचा झाला तर निम्मा परत मागता येतो. अ‍ॅप कधीकधी सात-आठ मिनिटांत गाडी बदलायला सांगतं. बॅगा घेऊन ते जमणारं नाही. शोधतानाच बदलाचा वेळ अर्धा तास करून ठेवा.

आरक्षणात डब्याचा नंबर असतो, तो फार कामाचा. बर्लिनहून कलोनकडे जाणाऱ्या बऱ्याच आयसीई (लांब पल्ल्याच्या वेगवान) गाड्या हाम स्टेशनात दुभागतात. एक भाग कलोनला जातो, दुसरा ड्युसेलडॉर्फकडे. प्लॅटफॉर्मवर ए, बी, सी अशा अक्षरांच्या पाट्या असतात. आपला डबा कुठल्या अक्षरापाशी लागणार ते अ‍ॅपमध्ये बघून तिथेच उभे राहा.

तिकिटावर जाणाऱ्याचंच नाव घाला, पासपोर्टवर आहे तसं. मुलं पैसे भरतात म्हणून स्वतःचं नाव घालतात आणि तपासनीस आला की आई-बाबांची धांदल उडते. पैसे भरण्याआधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाचे परदेशी ऑनलाइन व्यवहार चालू करा. नव्या कार्डांवर ते मुळात बंदच असतात.

आणि म्युनिकहून फ्युसनचा राजवाडा किंवा साल्झबुर्ग बघायचं असेल, तर आधी काहीच काढू नका. 'बायर्न टिकेट' (म्युनिकच्या बव्हेरिया राज्यातल्या लोकल गाड्यांचं दिवसभराचं तिकीट) आदल्या संध्याकाळी घेतलं तरी भाव तोच. पाच जणांपर्यंत एकच तिकीट चालतं, सगळ्यांची नावं त्यावर लागतात. आडवारी सकाळी नऊनंतर, शनिवार-रविवारी मध्यरात्रीपासून ते लागू होतं. आयसीईत मात्र ते घेऊन चढू नका.