रथसप्तमीच्या रात्री अंगणात दुर्बीण लावायची असेल तर

आधी तिथी ठरवा, पाहुणे मग. आकाशदर्शन म्हटलं की लोक पौर्णिमा सुचवतात, कारण चंद्र मोठा असतो. दुर्बिणीतून बघायला पौर्णिमेसारखी वाईट रात्र नाही. चंद्रावर ऊन सरळ समोरून पडतं, सावल्या उरत नाहीत, सगळं पांढरंफटक दिसतं, आणि बाकीचं आकाश त्या उजेडात धुऊन निघतं. अमावस्या तेजोमेघांसाठी, म्हणजे आकाशातल्या वायू-धुळीच्या उजळ ढगांसाठी, उत्तम, पण पहिल्यांदाच दुर्बिणीला डोळा लावणाऱ्याला अंधूक धुराचे पुंजके दाखवले की तो ‘छान’ म्हणून चहाकडे वळतो. घरी चार माणसं बोलवायची असतील तर शुद्ध पंचमी ते अष्टमी हा काळ धरा. माघातली रथसप्तमी यात अगदी नेमकी बसते: चंद्र जवळजवळ अर्धा, दिवेलागणीला डोक्यावर, मध्यरात्रीच्या सुमारास मावळणारा. पाऊस नाही, उकाडा नाही आणि मृग नक्षत्र ऐन माथ्याकडे चढत असतं. हळदीकुंकवाचा शेवटचा दिवस असल्याने घरात माणसं आपसूक जमलेली असतात, हा वरचा फायदा.

पुढची यादी नारायणगाव-जुन्नर भागातलं घर आणि सहा इंची डॉब्सोनियन (फिरत्या बैठकीवर बसणारी, आरशाची साधी) दुर्बीण डोळ्यासमोर ठेवून केली आहे. या भागात अशी दुर्बीण बाहेर काढताना जरा लाजल्यासारखं होतं, कारण पलीकडे खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या पंचेचाळीस-पंचेचाळीस मीटर व्यासाच्या डिश उभ्या आहेत, एकूण ३०. पण त्या रेडिओ लहरी ऐकतात. शेजारच्या काकूंना गुरूचे चंद्र दाखवणं त्यांच्याच्याने व्हायचं नाही.

जागा आदल्या दिवशीच, रात्रीच्या वेळी, उभं राहून बघा. दिवसा मोकळं वाटणारं अंगण रात्री रस्त्यावरच्या दिव्याने पिवळं झालेलं असतं. दिवा काढता येत नाही, पण घराच्या किंवा गोठ्याच्या भिंतीची सावली शोधता येते. नाहीतर दोन बांबूंना जुनी सतरंजी बांधा. शेजाऱ्यांना सकाळीच सांगून ठेवा की नऊ ते अकरा ओसरीवरचा दिवा बंद ठेवाल का. ऐनवेळी हाक मारून सांगितलं की आदेश दिल्यासारखं वाटतं. शेजाऱ्यांना बोलावूनच टाका, दिवा आपोआप बंद होतो.

गच्ची की अंगण? बहुतेक जण गच्ची निवडतात, उंचावरून जास्त आकाश दिसतं म्हणून. माझं मत अंगणाच्या बाजूने आहे. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री दहा-अकरापर्यंत ती उष्णता सोडत राहतो. त्या वर चढणाऱ्या हवेतून गुरू पाहिला तर त्याचे पट्टे दिसतच नाहीत, नुसता थरथरता गोळा दिसतो. पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या छपरावरून नजर जाईल अशा दिशेचंही तेच. सारवलेलं मातीचं अंगण लवकर निवतं, गवत असेल तर त्याहून लवकर. मातीत दुर्बिणीच्या बैठकीचे पाय रुततात, म्हणून खाली प्लायवूडचा तुकडा किंवा पाट ठेवा आणि तो हलत नाही हे बघा.

या भागात एक गोष्ट मात्र अंगणाच्या विरुद्ध जाते, ती म्हणजे बिबट्या. उसाच्या फडाला लागून घर असेल तर अंधारात खाली वाकून बसलेलं माणूस आणि एकटं फिरणारं मूल या दोन्ही गोष्टी टाळायच्याच असतात, आणि आकाशदर्शनात नेमक्या त्याच होतात. तेव्हा कंपाउंडची भिंत असलेली बाजू घ्या. उसाच्या बाजूचा दिवा चालू राहू द्या, फक्त त्याचा झोत आपल्याकडे येणार नाही अशी आड करा. आकाश थोडं उजळेल, चालेल. मुलं मोठ्यांच्या हाताशी. गप्पा मोठ्याने मारा, रेडिओ लावा. चांदणं शांततेतच पाहावं असा काही नियम नाही. आठवड्यात आसपास बिबट्या दिसल्याची बातमी असेल तर हट्ट सोडा आणि गच्चीवर जा. संध्याकाळी स्लॅबवर पाणी मारलं की थोडा तरी निवतो. अंगणातच बसणार असाल तर उजेड असताना विंचूकाट्यासाठी कोपरे, विटांचे ढीग, सरपण बघून घ्या, आणि अनवाणी कुणी नको.

आता दुर्बीण. दुपारी तिचे आरसे जुळलेले आहेत का ते तपासा. नेत्रिका (डोळा लावायचं भिंग) काढून, मधोमध बारीक भोक असलेलं टोपण तिथे लावून आत पाहिलं की दुय्यम आरसा, त्यात मुख्य आरसा आणि त्यात पुन्हा दुय्यम आरशाचं प्रतिबिंब अशी एकात एक वर्तुळं दिसतात. ती एकमेकांत नीट मधोमध असली की झालं. एका बाजूला सरकली असतील तर मुख्य आरशामागचे स्क्रू थोडे-थोडे फिरवा. दुर्बीण जीपमधून किंवा मोटारसायकलवर मांडीत घेऊन आणली असेल तर हे करावंच लागतं. आरशावर धूळ दिसली तर दिसू द्या. धुळीने चित्रात फारसा फरक पडत नाही, फडक्याने पुसलं तर आरशावर कायमचे ओरखडे पडतात.

मग शोधक दुर्बीण. संध्याकाळ वाया जाण्याचं सर्वांत मोठं कारण हे: मोठी नळी एकीकडे बघते, वर बसवलेली छोटी दुसरीकडे. रात्री पाहुणे रांगेत उभे असताना ते जुळवणं म्हणजे छळ. दुपारी चारनंतर, सूर्य पश्चिमेला असताना, दुर्बीण पूर्वेकडे वळवा आणि किलोमीटरभर तरी लांब असलेली ठळक वस्तू धरा. मोबाइल टॉवरचं टोक, देवळाचा कळस, नारायणगावाच्या पूर्वेला मोकळं रान असेल तर खोडदच्या एखाद्या डिशची कड. ती मोठ्या दुर्बिणीत मधोमध आणा, नळी न हलवता शोधकाचे स्क्रू फिरवून तीच वस्तू फुलीवर आणा. कमी पटीच्या नेत्रिकेने एकदा, जास्त पटीच्या नेत्रिकेने पुन्हा एकदा. या सगळ्या वेळात सूर्याकडे नळी जाता कामा नये, चुकूनही नाही. वापरात नसेल तेव्हा दोन्हींना टोपणं. जुन्या संचात नेत्रिकेला लावायची छोटी काळी ‘सूर्यकाच’ मिळते, ती कचऱ्यात टाका; तापून तडकते आणि डोळा जातो.

नेत्रिका दोनच बाहेर काढा. १२०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या (आरशापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतचं अंतर) दुर्बिणीला २५ मिलिमीटरची नेत्रिका ४८ पट देते आणि १० मिलिमीटरची १२० पट. पहिलीत सुमारे एक अंश आकाश मावतं, म्हणजे दोन चंद्र शेजारी शेजारी ठेवले तर जेवढं होईल तेवढं. दुसरीत अख्खा चंद्रही मावत नाही. खोक्यावर छापलेले ५०० पट वगैरे आकडे विसरा. दोनशेच्या पुढे आपल्याकडची हवा क्वचितच साथ देते. व्याधाचा तारा फार लुकलुकत असेल, लाल-हिरव्या ठिणग्या टाकत असेल, तर हवा अस्थिर आहे असं समजा आणि त्या रात्री १० मिलिमीटरची खिशातच ठेवा.

सूर्य मावळायच्या बेताला दुर्बीण बाहेर नेऊन ठेवा. आरसा जाड काचेचा असतो, बाहेरच्या हवेइतका थंड व्हायला पाऊण तास ते तास घेतो, आणि तोवर नळीतल्या नळीतच ऊन हवा घुसळत राहते. तेवढ्यात जेवणं उरका. शेकोटी मात्र आज नको. माघातली थंडी, जमलेली माणसं, कुणीतरी काटक्या गोळा करणारच. धूर आणि गरम हवा दोन्ही दुर्बिणीचे वैरी आहेत, शिवाय ज्वाळेकडे बघितलेल्या डोळ्याला पुढे वीस मिनिटं काही दिसत नाही. त्याऐवजी घोंगड्या, कानटोप्या, पायमोजे. शेजारच्या रानात उसाचं पाचट पेटवायचं असेल तर ते दुसऱ्या दिवशी करा म्हणून सांगून बघा.

अंधाराला डोळा सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि मोबाइलच्या एका पांढऱ्या झळकीने ती मेहनत वाया जाते. टॉर्चवर लाल जिलेटिनचे दोन-तीन थर रबराने बांधा. मोबाइलवर स्टेलारियम हे आकाशाचा नकाशा दाखवणारं अ‍ॅप बघायचं असेल तर त्यातला रात्रीचा लाल पडदा आधीच चालू करून ठेवा. डासांसाठी मलम आधी लावा आणि हात साबणाने धुवा. तीळगूळ, हळदीकुंकू, मलम यांतलं काहीही बोटांवरून नेत्रिकेच्या काचेवर गेलं की ते सहजी निघत नाही. चहाचा कपही काचेपासून लांब, वाफ बसते.

काय दाखवायचं याची यादी पाच-सहा गोष्टींची पुरे. चंद्रापासून सुरुवात करा, पण आल्या आल्या नाही. डोक्यावर असलेल्या वस्तूकडे डॉब्सोनियन वळवणं अवघड जातं, बैठक अडते. साडेसात-आठपर्यंत चंद्र पश्चिमेकडे थोडा कलला की सोयीचा होतो. बघायची जागा म्हणजे उजेड आणि अंधाराची सीमा, कारण तिथे ऊन तिरपं पडतं आणि सावल्या लांब असतात. अष्टमीकडे झुकलेल्या चंद्रावर या सीमेजवळ टॉलेमी, अल्फोन्सस आणि अर्झाखेल अशी तीन विवरं एका रांगेत दिसतात. पाहुण्यांना विवरांची नावं लागत नाहीत, तुम्हाला लागतात. म्हणजे ‘ते काय?’ या प्रश्नाला उत्तर असतं. चित्र उलटं दिसतं हे आधीच सांगा.

संध्याकाळच्या आकाशात ग्रह असतील तर ते दुसऱ्या क्रमांकावर. गुरू वर्षाला साधारण एक रास सरकतो, शनीला एका राशीला अडीच वर्षं लागतात, तेव्हा यंदा कोण कुठे आहे हे पंचांगात बघून ठेवा. गुरूचे चार चंद्र गॅलिलिओने १६१० च्या जानेवारीत पाहिले, ते ४८ पटीतही दिसतात. एका कागदावर आठ वाजता त्यांच्या जागा टिंबांनी काढून ठेवा आणि अकरा वाजता पुन्हा काढा. मुलं यासाठी जागी राहतात. शनीची कडी २०२५ च्या मार्चमध्ये आपल्या दृष्टीने अगदी कडेवर आली होती, म्हणजे जवळजवळ दिसेनाशी झाली होती, आता ती वर्षागणिक उघडत जाणार. कडीवाला शनी म्हणून कुणी यायचं ठरवलं असेल तर त्याला हे आधी सांगितलेलं बरं.

पावणेदहाच्या आसपास मृग मध्यावर येतो. बाणाच्या तीन ताऱ्यांखाली जो अंधूक डाग आहे तो एम ४२, सुमारे १३०० प्रकाशवर्षं दूरचा तेजोमेघ, जिथे आजही तारे जन्मत आहेत. चंद्रप्रकाशातही तो टिकतो. इथे मात्र लोकांची तयारी करून घ्यावी लागते. फोटोतला गुलाबी-जांभळा रंग दिसणार नाही, राखाडी पंख पसरल्यासारखं दिसेल. थेट त्याच्याकडे न बघता जरा बाजूला बघा, नजरेच्या कडेला तो मोठा होतो, कारण मंद उजेड टिपणाऱ्या पेशी डोळ्याच्या पडद्याच्या मध्यावर नसतात. १२० पटीत मधले चार तारे सुटे होतात. प्रत्येकाला निदान दोन मिनिटं द्या. पहिल्या दहा सेकंदांत दिसतं ते अर्धंही नसतं, आणि रांग भराभर पुढे सरकवण्यापेक्षा यादीतल्या दोन गोष्टी गाळलेल्या चांगल्या.

कृत्तिका मोठ्या दुर्बिणीत मावत नाहीत, त्या शोधकातून दाखवा. पुनर्वसूतला कॅस्टर १२० पटीत दोन तारे होऊन दिसतो, वेळ उरला तर. देवयानीची दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखीच दुसरी आकाशगंगा, आज सोडून द्या, चंद्र तिला उठू देत नाही. ती मार्गशीर्षातल्या अमावस्येला.

रांगेत थांबलेल्यांसाठी नुसत्या डोळ्यांचं काम ठेवा. हात लांब करून मूठ धरली की ती सुमारे दहा अंश भरते. ध्रुव उत्तर क्षितिजापासून दोन मुठींच्या आत, कारण आपलं अक्षांश १९ आहे. रात्री साडेदहाच्या सुमारास अगस्त्य दक्षिणेला जवळजवळ तितक्याच उंचीवर येतो. दोन्हीकडे पाठ-पोट करून बघितलं की आपण पृथ्वीवर कुठे उभे आहोत ते कळतं, दुर्बिणीशिवाय.

डोळा लावताना हात पाठीमागे बांधायचे, हा नियम दोनदा सांगा; माणूस वाकला की हमखास नळीचा आधार घेतो आणि गुरू गायब. आजी-आजोबांना खुर्ची आणि लहानांना स्टूल. चष्मा नुसत्या जवळच्या-लांबच्या नंबराचा असेल तर काढून बघता येतं, नेत्रिकेजवळची चकती फिरवून चित्र स्पष्ट करून घ्यायचं. सिलिंड्रिकल नंबर असेल तर चष्मा राहू दे. १२० पटीत वस्तू दीड-दोन मिनिटांत चित्राबाहेर सरकते, म्हणून दर माणसामागे तुम्हाला एकदा डोकवावंच लागेल. मोबाइलने फोटो चंद्राचेच काढा, बाकीच्यांचा नाद नको.

अकरानंतर दव पडायला लागतं, बागायती भागात जास्तच. शोधकाची काच आधी धुरकट होते. पुसू नका, हेअर ड्रायर हलक्या आचेवर, हातभर लांबून. त्यासाठी एक्स्टेन्शन बोर्ड संध्याकाळीच ओढून ठेवावा, आणि लाईट जाईल हे गृहीत धरून योगासनाच्या जुन्या चटईची नळी करून शोधकाच्या तोंडाशी गुंडाळावी.

आवरताना नेत्रिका मोजून डबीत. सगळी टोपणं लावून दुर्बीण घरात आणा, खोलीच्या तापमानाला आली की टोपणं काढून तोंड खाली करून रात्रभर वाळू द्या, आणि सकाळी कोरडी झाल्यावरच झाका. ओलावा कोंडला की काचेवर बुरशी धरते. ती पावसाळ्यात दिसते, आणि तेव्हा दुरुस्तीला पुणे-मुंबई गाठावी लागते.